पेठेतले दातांचे डॉक्टर गेले, त्यांच्यासाठी काय करावं? (फ्लेक्स सोडून सांगा)

मंगळवारपेठी

नमस्कार मंडळी. आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतले दातांचे डॉक्टर गेल्या महिन्यात गेले. नाव इथं टाकत नाही, घरच्यांनी नको म्हटलंय, आणि पेठेत ज्याची दाढ कधी रात्रभर ठणकलीय त्याला नाव सांगायची गरज पण नाही. खाली पिठाची गिरणी आणि वर दवाखाना, गिरणी चालू झाली की खुर्ची हलायची, मग डॉक्टर ड्रिल थांबवून खाली ओरडायचे "अण्णा, पाच मिनटं थांबवा की, रूट कॅनाल चाललंय" आणि अण्णा पण थांबवायचे.

दाढ काढायला बाहेर पाचशेच्या खाली कोण हात लावत नाही तिथं हे शेवटपर्यंत दीडशे घेत होते, हमालांकडून तेवढं पण नाही. गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद ठेवून शाहू मार्केट यार्डात जायचे, गूळ उतरवणाऱ्या लोकांची तोंडं टॉर्च लावून बघायला. आणि दवाखान्याबाहेरचा तो बाक तर पेशंटपेक्षा तक्रारीवाल्यांसाठीच जास्त होता, कुणाला माहितीचा अधिकार टाकायचाय, कुणाच्या गल्लीत गटार तुंबलंय, कुणाची पेन्शन अडकलीय, सगळे तिथंच बसलेले. टोलच्या आंदोलनात, पंचगंगेच्या प्रदूषणाच्या विषयात, काळम्मावाडी धरणातनं शहराला पाणी आणायच्या थेट पाईपलाईनच्या मागणीत हा माणूस कायम होता पण स्टेजवर कधी नाही, खाली सतरंजीवर.

आता तालमीत बैठक झाली. एकजण म्हणतोय चौकाला नाव द्या, एकजण अर्धपुतळा म्हणतोय, आणि एका पोरानं तर फ्लेक्सचं डिझाईन मोबाईलवर करूनच आणलेलं, त्यात डॉक्टरांच्या फोटोपेक्षा खालच्या श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे. काकींना (डॉक्टरांच्या मिसेस) ते दाखवायला गेलो तर त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच चौकातल्या फ्लेक्सवर ह्यांनी किती अर्ज केले माहितीय का तुम्हाला? लावा, मग मी येते फाडायला." विषय कटाप.

पैसे जमतील, अडचण पैशाची नाही. काय केलं तर त्यांना शोभेल आणि दोन वर्षांनी कबुतरं बसायला जागा एवढाच त्याचा उपयोग राहणार नाही, ते सांगा.

---

कट्टाकर

भावा पहिल्यांदा वाईट वाटलं वाचून, माझी अक्कलदाढ त्यांनीच काढलीय.

पण मी चौकाच्या नावाच्या बाजूनं. फ्लेक्स नको हे बरोबर, पण नाव द्यायला काय जातंय? कुणाकुणाची नावं दिलीत चौकांना ते बघा जरा, अर्ध्यांनी काय केलं ते त्यांच्या घरच्यांना पण सांगता येणार नाही. मग एका डॉक्टरच्या नावाला लोकं नाकं का मुरडतात? उद्याच्या पोरांनी विचारलं पाहिजे हे कोण होते म्हणून. पाटीच नसली तर विचारणार कोण, आणि सांगणार कोण? पेठेत नुसतं काम करून भागत नाही लगा, दिसावं पण लागतंय.

---

निवृत्त_कारकून

मी एका सरकारी ऑफिसात होतो, कुठल्या ते सोडा, आणि डॉक्टरांचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे, म्हणजे मी पलीकडच्या बाजूचा माणूस. खरं सांगतो, त्यांचं अक्षर बघितलं की पोटात गोळा यायचा.

आधी चौक-पुतळ्याचं सांगतो. २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक रस्त्यावर नवीन पुतळ्यांना परवानगी देऊ नका असा आदेश दिलेला आहे, त्यामुळं चौकात अर्धपुतळा हा विषय डोक्यातून काढा, ज्याला हौस असेल त्यानं आपल्या अंगणात बसवावा. चौकाला नाव द्यायचं तर महापालिकेचा ठराव लागतो, नागरिकांचा अर्ज, घरच्यांची संमती, तिथं आधीच कुठलं नाव नाही ना ते बघणं, असं सगळं येतं. अशक्य नाही, पण वेळ जातो आणि शेवटी उद्घाटनाला कुणाला बोलवायचं ह्यावरून पेठेत दोन गट पडतात हे मी लेखी द्यायला तयार आहे.

आता डॉक्टरांचं. बाकीचे लोक माहितीच्या अधिकारात चार पानी निबंध लिहून आणतात, मधे राग, मधे सुविचार, शेवटी धमकी. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, ते कुणाच्या गावीच नसतं, आणि आम्ही (आता रिटायर झालोय म्हणून बोलतो) तेवढ्यावर अर्ज बाजूला ठेवायचो. डॉक्टरांचा अर्ज सव्वाशे शब्दांचा. दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प सरळ चिकटवलेलं. "रस्ता का खराब आहे" असलं कधी विचारायचे नाहीत, कारण "का" ला उत्तर द्यायला आम्ही बांधील नसतो. ते विचारायचे, ह्या रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तकाची (प्रत्यक्षात किती काम झालं त्याची नोंद) प्रत द्या, वर्क ऑर्डरची तारीख द्या, दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत) किती ते लिहिलेलं पान द्या. आता हे दिलं की रस्ता का खराब आहे ते आपोआपच कळतं! तीस दिवस झाले की एकतिसाव्या दिवशी वीस रुपयाचा स्टॅम्प लावलेलं पहिलं अपील हजर. आमचे एक साहेब तर म्हणायचे ह्या माणसाला दात काढायची सवय आहे, मुळासकट आल्याशिवाय सोडत नाही.

आणि वर येऊन चहा पिऊन जायचे, आवाज कधी चढवला नाही. माझ्या बायकोची कवळी पण त्यांनीच केली, त्यात माझ्यावरचा राग काढला नाही, बसते व्यवस्थित.

माझं म्हणणं, त्यांच्या फायली सांभाळा. ते अर्ज, उत्तरं, अपिलं, मोजमाप पुस्तकांच्या प्रती, हा शहराच्या एका भागाचा पंचवीसेक वर्षांचा हिशोब आहे, आणि घर आवरताना पहिली रद्दीत जाते ती हीच गोष्ट. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथं घेतात का विचारा. नाही घेतलं तर स्कॅन करून ठेवा. बिनपगारी काम आहे, मी येतो लावून द्यायला, कुठला कागद कशाला जोडायचा ते माझ्याएवढं कुणाला कळणार नाही.

---

पुण्यात_अडकलेला

आम्ही पुण्यात बसलोय म्हणून काही करता येत नाही, पण माझ्याकडून पाच हजार धरा. आणि एक सुचवतो, दरवर्षी त्यांच्या नावानं एक पुरस्कार द्या, समाजसेवा करणाऱ्या डॉक्टरला, शाल श्रीफळ सन्मानचिन्ह. शाहू स्मारक भवनात कार्यक्रम घ्यायचा, मी लाईव्ह स्ट्रीमिंग बघतो.

---

कट्टाकर

@पुण्यात_अडकलेला पाच हजार पाठव, शाल तूच ठेव, पुण्यात थंडी असती.

---

दवाखान्यातली_ताई

मी डॉक्टरांकडे मदतनीस होते, लग्नाआधीपासून शेवटपर्यंत. फार लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

सगळे गुरुवारचं लिहितील म्हणून मी सांगते गुरुवारी नेमकं काय करायचे. टॉर्च, हातमोजे, लाकडी पट्ट्या, आणि एक लाल पुठ्ठ्याची वही. समोरचा माणूस बसला की पहिला प्रश्न "मिसळ झेपते का अजून?" लोकं हसायची. पण त्यात मेख होती. सुपारी, मावा, गुटखा खाऊन खाऊन तोंडाची आतली कातडी ताठ व्हायला लागली की सगळ्यात आधी तिखट सोसेनासं होतं, कोल्हापूरच्या माणसाला तांबडा रस्सा पोळायला लागला म्हणजे काहीतरी बिघडलंय, तो म्हणतो कट जास्त झाला असंल आणि सोडून देतो. मग डॉक्टर म्हणायचे तुझीच तीन बोटं उभी करून तोंडात घाल. तीन गेली तर ठीक. दोनच गेली की वहीत नाव. एखादा म्हणायचा मी तंबाखू खात नाही नुसती सुपारी खातो, त्याला तर जास्त ओरडायचे, कारण तोंड आखडतं ते मुळात सुपारीनं. एकदा आखडलेलं पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, पण सोडलं तर पुढं वाढायचं थांबतं, हे ते प्रत्येकाला सांगायचे, न कंटाळता, तेच शब्द.

बायकांचं वेगळं. आपल्याकडं म्हाताऱ्या बायका मिशरी लावतात, सकाळी लावल्याशिवाय परसाकडं होत नाही म्हणतात, आणि ते व्यसन आहे हे त्यांना मान्यच नसतं, दात घासतो म्हणतात. डॉक्टर त्यांच्याशी मिशरी सोडा असं पहिल्यांदा बोलायचेच नाहीत. "आज्जी, ओठ जरा बाहेर ओढा, हितं पांढरं दिसतंय ते मला बघू दे." आरसा हातात द्यायचे. आपल्या तोंडातला पांढरा चट्टा आपण बघितला की माणूस गप्प होतो. मग बोलणं.

आता माझा प्रश्न आहे. ती लाल वही माझ्याकडं आहे. त्यात ज्यांना चट्टा होता, ज्यांचं दोन आठवड्यांवर न भरलेलं अल्सर होतं, ज्यांना सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) जा म्हणून चिठ्ठी दिली, त्यांची नावं आहेत, पुढं "गेला", "गेला नाही", "बायकोला फोन केला" असं लिहिलेलं. डॉक्टर आजारी पडले त्याच्या आधीच्या गुरुवारपर्यंत वही भरलेली आहे. जे "गेला नाही" आहेत त्यांना आता फोन कोण करणार? मी करू शकते पण मी डॉक्टर नाही, माझं ऐकतील का? आणि ही वही कुणालाही द्यायची नाही असं डॉक्टर म्हणायचे, लोकांचं खासगी आहे. पुतळा चौक ते तुमचं तुम्ही बघा, पण ह्या वहीचं काहीतरी सांगा.

---

मंगळवारपेठी

ताई, तुम्ही हे लिहिलं बरं केलं, बैठकीत ह्या वहीचा विषयच निघाला नाही. डॉक्टर लोक कोण असतील इथं तर बोला.

---

दातकाम

मी डेंटिस्ट आहे, राजारामपुरीत प्रॅक्टिस. डॉक्टरांना सिनियर म्हणून ओळखायचो, असोसिएशनच्या मीटिंगला मागच्या रांगेत बसून पेपर वाचणारा माणूस.

वहीचं आधी. ताई, वही तुमच्याकडंच राहू दे, फोटो काढून ग्रुपवर वगैरे अजिबात टाकू नका. मी येतो, आपण दोघं बसून "गेला नाही" वाली नावं काढू, फोन मी करतो. ज्यांना चट्टा आहे त्यांची बायोप्सी लागेल का ते बघून सांगतो, माझ्या खुर्चीवर बघायचे पैसे नाहीत. पुढं कुणाला ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, त्याची कागदपत्रं हा वेगळा डोंगर आहे, तिथं निवृत्त कारकून काका उपयोगी पडतील.

आता ज्यांच्या डोक्यात "भव्य मोफत दंत चिकित्सा शिबिर" आहे त्यांच्यासाठी. मांडव घालून, टेबल मांडून, एका दिवसात शंभर दाढा काढल्या असली शिबिरं कृपा करून करू नका. प्रत्येक पेशंटला वेगळी, ऑटोक्लेव्हमधून काढलेली हत्यारं लागतात, १२१ डिग्रीला प्रेशरखाली पंधरा-वीस मिनिटं, त्याला मांडवात पर्याय नाही, गरम पाण्यात बुडवून काढणं म्हणजे निर्जंतुक नव्हे. आणि दाढ काढल्यावर रात्री रक्त थांबलं नाही तर तो माणूस कुणाचं दार वाजवणार, मांडववाल्याचं? डॉक्टर यार्डात फक्त बघायचे, काढायचं असेल तर दवाखान्यात बोलवायचे, ह्याला कारण होतं. मला स्वतःला त्यांचं हेच सगळ्यात मोठं वाटतं, मोहात पडले नाहीत, फोटो चांगले आले असते की.

गुरुवार चालू ठेवायचा असेल तर महिन्यातला एक मी घेतो. अजून तीन डेंटिस्ट मिळाले की झालं. बघणारा रजिस्टर्ड डेंटिस्टच पाहिजे, बाकीच्यांनी नोंदी घ्यायच्या, रांग लावायची. तंबाखू सोडायची असेल त्याला १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर द्यायचा.

आणि कुणाला आठवत असेल तर, शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यात बंदी आहे, गुटखा तर राज्यात २०१२ पासूनच बंद, तरी टपऱ्यांवर काय लटकतं ते आपण बघतोच. डॉक्टर शाळेच्या गेटपासून टेपनं अंतर मोजत होते हे मी स्वतः बघितलंय, एक टोक शाळेच्या शिपायाच्या हातात.

---

शाहू_स्टेडियमचा_कोपरा

फुटबॉलवाल्यांतर्फे आमचं पण लिहितो. कोल्हापूरला पेठेपेठेची मॅच म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पण डॉक्टर मॅचला यायचे ते बॉल बघायला नाही, दात बघायला यायचे असं आम्ही म्हणायचो.

एकदा आमच्या हाफबॅकला कोपर बसलं, वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर, मैदानात पडलेला. पोरगं रडतंय, आम्ही सगळे बावचळलेलो, एकानं दात उचलून शर्टाला घासून पुसायला घेतला तर डॉक्टर गॅलरीतून ओरडत खाली आले. "मुळाला हात लावू नको! वरनं धर वरनं, चावायच्या बाजूनं!" पाण्याच्या बाटलीनं नुसता धुतला, घासला नाही, आणि म्हणाले दूध आणा. स्टेडियममध्ये दूध कुठलं, चहावाल्याकडं होतं, त्याच्या थंड पिशवीतलं ग्लासात ओतलं, त्यात दात टाकला, पोराला गाडीवर घातलं आणि अर्ध्या तासाच्या आत दवाखान्यात. दात परत जागेवर बसवून शेजारच्या दातांना तारेनं बांधला. तो दात अजून आहे, पोराचं लग्न झालं, फोटोत हसतोय त्याच दातानं.

त्यानंतर डॉक्टरांनी आमच्या तालमीच्या पोरांना बसवून शिकवलं. पक्का दात पडला तर टाकून देऊ नका, दुधात घालून आणा, जेवढं लवकर तेवढं चांगलं, तासाच्या पुढं गेलं की चान्स कमी. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायच्या भानगडीत पडायचं नाही. आम्ही चेष्टा करायचो, डॉक्टर, म्हणजे गंगावेशीत दूध कट्ट्यावर मॅच खेळायची का, धारोष्ण दूध जाग्यावरच! ते पण हसायचे, पण लगेच म्हणायचे "चेष्टा राहू दे, वरनं धर म्हटलं तर कुठनं धरायचं ते सांग."

आमचं म्हणणं एवढंच, त्यांच्या नावानं काय करायचं ते करा, पण सीझन चालू व्हायच्या आधी प्रत्येक तालमीच्या पोरांना हे अर्ध्या तासाचं शिकवणं झालं पाहिजे, आणि चौदाच्या खालच्या पोरांना माऊथगार्ड द्या. पुरस्काराच्या शालीत किती माऊथगार्ड येतील ते पुणेकरांनी हिशोब करून सांगावं.

---

उलट्या_बाजूनं

सगळे गोड लिहितायत म्हणून मी जरा कडू लिहितो, डॉक्टरांना पण आवडलं असतं.

ते देवमाणूस वगैरे नव्हते. वेळ सहाची दिली की साडेसातला नंबर, कारण बाकावर कुणाचंतरी गटार चाललेलं. खुर्चीत बसवून तोंडात कापूस घातला की ह्यांचं टोलचं व्याख्यान सुरू, रस्ते करायला दोनशे वीस कोटी आणि तीस वर्षं टोल, हा कुठला हिशोब, तुम्हीच सांगा! आता तोंडात कापूस असल्यावर काय सांगणार? मी तर टोलच्या बाजूनं पण नव्हतो, पण कधी उलटं बोलताच आलं नाही. त्या आंदोलनात एन. डी. पाटील सर, पानसरे अण्णा पुढं होते, सगळं शहर "देणार नाय, देणार नाय, टोल आम्ही देणार नाय" करत होतं, आणि शेवटी तो टोल गेला. पण त्याच्या नंतर बाकीचे घरी जाऊन झोपले आणि हे दुसऱ्याच आठवड्यात फुटपाथची मापं घेत होते. हे पण खरं.

विसर्जनाचं मात्र अजून डोक्यात आहे. पंचगंगेत मूर्ती नको, इराणी खणीत करा, नाहीतर दान करा, असं मंडळाच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगायचे. आम्ही त्यावेळी चांगलेच भडकलो होतो. एक वर्ष तर मंडळाच्या पोरांनी ठरवलं ह्यांच्या दवाखान्यात पाय ठेवायचा नाही. अनंत चतुर्दशी झाली, नवरात्र झालं, आणि दिवाळीच्या चकल्या खाताना आमच्या अध्यक्षाचीच दाढ तुटली. गेला की गपगुमान. डॉक्टरांनी दाढ काढली, दीडशे घेतले, विसर्जनावर एक अक्षर बोलले नाहीत. निघताना फक्त म्हणाले "दोन दिवस गरम खाऊ नका आणि भाषण करू नका."

नदीच्या बाबतीत ते बोलायचे त्यात चूक काय काढणार? जयंती नाला शहरातनं काय घेऊन पंचगंगेला मिळतो ते नाक असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हापासून तर ते पाणी ह्या विषयावर दातापेक्षा जास्त बोलायला लागले. काळम्मावाडीचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं तेव्हा सगळीकडं श्रेय घ्यायला गर्दी, आणि हे आमच्या नळाखाली बादली लावून किती मिनिटात भरते ते लिहून घेत होते.

माझी सूचना काही नाही. फक्त त्यांचं चरित्र छापणार असाल तर त्यात तापटपणा आणि उशीर पण घाला, नाहीतर आम्हाला वाटेल दुसऱ्याच कुणाचं आहे.

---

सुतारवाडा

२०१९ च्या पुरात आमचं घर गेलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, पण आमच्याकडं त्याच्या आधीच पाणी असतं, दरवेळी पहिलं आम्हालाच हलवतात. त्या वेळी आजोबांना उचलून बाहेर काढलं तर कवळी आत पेल्यात राहिली. छावणीत लोकं पुरी-भाजी, चपात्या आणून देत होती, कोल्हापूर देण्यात कधी कमी नाही, पण आजोबांना चावता येत नव्हतं आणि लाजेनं सांगत पण नव्हते, भूक नाही म्हणायचे. डॉक्टर तिथं औषधं वाटायला आले होते. बाकीचे डॉक्टर ताप बघत होते, ह्यांनी आजोबांचं तोंड बघितलं आणि सगळ्यांना विचारत सुटले, अजून कुणाची कवळी राहिलीय? सहा-सात म्हातारी माणसं निघाली. त्यांच्यासाठी मऊ भात-आमटी वेगळी करायला लावली, आणि पाणी उतरल्यावर सगळ्यांची मापं घेऊन कवळ्या करून दिल्या. पैसे विचारले तर म्हणाले घर लावा आधी.

चौकाला नाव द्या की नको मला माहीत नाही. गुरुवारी रांग लावायला मी येतो.

---

कट्टाकर

बास, मी पण मागं घेतो थोडं. चौक राहू दे. पण दवाखान्याच्या जिन्याशी एक छोटी पाटी तरी लावा, खासगी जागा आहे, ठराव नको परवानगी नको, काकींनी हो म्हटलं की झालं.

आणि एक. २०२२ ला ६ मे ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला शंभर सेकंद अख्खं शहर जाग्यावर थांबलेलं, मी दाभोळकर कॉर्नरला होतो, रिक्षावाला पण खाली उतरून उभा. तसं काहीतरी पेठेपुरतं करायचं का?

---

उलट्या_बाजूनं

@कट्टाकर महाराजांची गोष्ट वेगळी, ती तिथंच ठेव. आणि महाराजांनी पण बोर्डिंगं काढली, धरण बांधलं, थांबून नाही राहिले.

---

मंगळवारपेठी

परवा परत बसलो, काकी पण होत्या. झालेलं सांगतो.

वही ताईंकडंच. दातकाम डॉक्टर येऊन गेले, फोन सुरू झालेत, किती जण आले काय झालं ते इथं लिहिणार नाही, लिहायचं पण नाही. गुरुवारसाठी त्यांच्याशिवाय आणखी दोन डेंटिस्ट तयार झालेत, चौथा गुरुवार अजून रिकामा आहे, कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा, शिवाजी पेठेतला असला तरी चालेल.

फायलींचं काम निवृत्त कारकून काकांनी घेतलंय. तालमीच्या वरच्या खोलीत सगळं आणलंय, एकूण अकरा गठ्ठे, काही वाळवीनं खाल्लेत. काकांनी पहिल्याच दिवशी शोधून काढलं की दोन अपिलं अजून चालू आहेत, एक आमच्याच चौकातल्या फ्लेक्सचं, १९९५ च्या विद्रूपीकरण कायद्याखाली काय कारवाई केली ह्याची माहिती मागितलेली. अर्जदार वारल्यावर त्याचं काय होतं ह्यावर मोठी चर्चा झाली, शेवटी काका म्हणाले वाद घालत बसू नका, तोच प्रश्न दुसऱ्याच्या नावानं नव्यानं टाका, दहा रुपये लागतात. अर्ज फ्लेक्सचं डिझाईन घेऊन आलेल्या पोराच्या नावानं गेलाय. त्यानंच मागून घेतला, जबरदस्ती नाही.

बाक काकींनी तिथंच ठेवायला सांगितलाय. दवाखान्याच्या खोलीचं काय करायचं ते त्यांची मुलगी आल्यावर ठरेल, तो त्यांचा घरचा विषय. माऊथगार्डसाठी पुण्यातले पाच हजार आले, त्यात आणखी भर पडली. पुरस्कार रद्द. जिन्याच्या पाटीवर अजून एकमत नाही, काकी म्हणतात नाव नको, नुसतं गुरुवारची वेळ लिहा. कट्टाकर, तू येऊन त्यांच्याशी बोल, माझ्यात दम नाही.

येत्या गुरुवारी पाच वाजता मार्केट यार्डाच्या गेटवर. रांग लावायला, नोंदी घ्यायला चार-पाच माणसं लागतील, येणाऱ्यांनी खाली लिहा. टॉर्च आपापली आणा, मोबाईलची चालणार नाही.

---

दवाखान्यातली_ताई

मोबाईलची चालते. डोळ्यावर मारू नका फक्त. आणि मावा खाऊन कोण येऊ नका, तुमचंच तोंड पहिलं बघणार.

---

सुतारवाडा

मी आणि माझा भाऊ, दोघं.

---

शाहू_स्टेडियमचा_कोपरा

तालमीतनं तिघं. चहाचं आमच्याकडं.

---

कट्टाकर

येतो. पाटीचं काकींशी पण बोलतो. अक्षर तरी मोठं ठेवू म्हणतो.